कानामागचा काळा टाका

"तुझी मिस एवढी सुंदर आहे हे मला आधी सांगायला काय झालं होतं गं तुला?"

प्रणीत हे अगदी मोकळ्या आवाजात बोलला. दुसरी 'ब'च्या दारात, मिसपासून दोन हातांवर उभं राहून. बेंगळुरूत येऊन त्याला आठ महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत तो एक गोष्ट पक्की शिकला होता – इथं मराठीत काहीही बोला, कुणाला कळत नाही. लिफ्टमध्ये बोला, कॅबमध्ये बोला, मॅनेजरच्या तोंडावर बोला. बिनधास्त.

मिसनं हातातला गोंदाचा डबा खाली ठेवला. ओढणीला हात पुसले.

"तुम्ही विचारलंच नसेल तिला," ती म्हणाली.

मराठीत.

प्रणीतच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारी स्मृती, त्याची सात वर्षांची भाची, तोंडावर हात दाबून फिदीफिदी हसत होती.

"मामा, मिसना मराठी येतं! मी सांगणारच होते…"

"मग कधी सांगणार होतीस? माझी वरात निघाल्यावर?"

"आमचं घर इथल्याच, जवळच्या आनेकलचं," मिस म्हणाली. "तीनशे वर्षं झाली म्हणतात. घरात मराठी, रस्त्यात कन्नड, वर्गात इंग्लिश. पुण्याहून आलेल्या लोकांचं पहिलं वाक्य आम्ही नेहमी असंच ऐकतो… म्हणजे, इतकं चांगलं नसतं ते." आणि मग तिचेच गाल लाल झाले. "मी संहिता. तुम्ही स्मृतीचे मामा ना? हातातल्या त्या डब्यात काय आहे बघू."

इथंच सगळा घोटाळा झाला.

त्याचं असं, की शाळेनं दसऱ्याला वर्गावर्गात 'गोंबे हब्ब' ठेवला होता. म्हणजे बाहुल्यांचा सण. पायऱ्या मांडायच्या, त्यावर बाहुल्या बसवायच्या. इकडे घरोघरी करतात तसं. शाळेची अट एकच – बाहुली मुलानं घरी करायची, घरच्यांनी हात लावला तरी चालेल, पण विकतची नको. प्रणीत राहायचा सर्जापूर रोडवर बहिणीकडं, मुग्धाताईकडं. ताई आणि भावजी दोघंही ऑफिसात गळ्यापर्यंत बुडालेले. म्हणून ताईनं ते काम भावावर टाकलं. भावानं ते शनिवारवर टाकलं, शनिवारनं रविवारवर. आणि रविवारी त्यांच्याच सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दसऱ्याचा बाजार लागला होता. तिथं एक बाई कापडी बाहुल्या घेऊन बसल्या होत्या.

काय बाहुल्या होत्या हो! त्यानं घेतली तिला हिरवं इरकली लुगडं होतं, लोकरीचा अंबाडा, नाकात मण्याची नथ, कमरेवर फुलांची इवलीशी टोपली.

"तेवढी चिठ्ठी काढा वरची," तो बाईंना म्हणाला. बाई मराठी बोलत होत्या म्हणून जरा सैल सुटला. "शाळेत द्यायचीय. घरी केली म्हणून."

"अय्यो! आणि टीचरला कळलं म्हणजे?"

"टीचर लोकांना काय कळतंय हो. चाळीस पोरं सांभाळता सांभाळता त्यांचाच भुगा झालेला असतो."

"कुठली शाळा म्हणायची?"

त्यानं सांगितली. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं म्हणत बाईंनी बाहुली पेपरात गुंडाळली.

तर ती बाहुली आता संहिताच्या हातात होती. ती तिला फिरवून फिरवून बघत होती. बोटानं तिचा अंबाडा चाचपला, कान चाचपले. मग एकदम वर बघितलं – सरळ त्याच्या डोळ्यांत.

"किती छान! कुणी केली?"

प्रणीतला खरं सांगायचं होतं. म्हणजे, त्या एका क्षणाला तरी होतं. पण नुकतीच एवढी शोभा झालेली, त्यात समोर हे असे डोळे, आणि…

"आम्ही दोघांनी," तो म्हणाला.

"खरंच?"

"तीन दिवस लागले. रोज ऑफिस सुटल्यावर. हिनं कापूस भरला, मी शिवलं. सुई टोचली दोनदा."

स्मृतीनं मामाकडं बघितलं. मग बुटांकडं.

"टाका कुठला घातलात?" संहितानं विचारलं.

"साधा. म्हणजे… मजबूत."

"हं," ती म्हणाली. तिच्या ओठाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं. प्रणीतला वाटलं, कौतुक असणार.

*

मंगळवारी त्यानं अर्धी सुट्टी टाकली. पायऱ्या रचायला पालक हवे होते म्हणून. बुधवारी पायऱ्या रचून झाल्या होत्या, तरी टाकली.

सात पायऱ्या. खाली बाक, वर बाक, त्यावर पांढऱ्या चादरी. चाळीस पोरांच्या चाळीस बाहुल्या. मोज्यांच्या, चमच्यांच्या, कणसाच्या सालीच्या. संयोगिता नावाच्या एका मुलीनं नारळाची बाहुली केली होती. तिला डोकं तेवढं होतं, केस नव्हते. "ही तिरुपतीला जाऊन आलीय," असं ती सगळ्यांना सांगायची.

"मामा, ती चादर ओढा जरा," संहिता म्हणायची. "मामा, ते बाक स्वल्प इकडं."

"एक विनंती आहे," शेवटी प्रणीत म्हणाला. "तुम्ही मला मामा म्हणू नका."

"मग काय म्हणू? अण्णा?"

"ते तर अजिबातच नको!"

ती हसली. हसताना मान मागं टाकायची ती… आणि तिच्या वेणीतली शेवंती एक-दोन पाकळ्या सोडायची. त्यातली एक त्यानं उचलून खिशात टाकली. कुणी बघितलं नाही. स्मृतीनं बघितलं.

सगळ्यात वरच्या पायरीवर संहितानं लाकडाची राजा-राणीची जोडी ठेवली. काळपट रंगाची, जुनी. "ही आजीला लग्नात मिळालेली. इकडं मुलीला देतात लग्नात."

"आणि राजा एकटाच असला तर?"

"एकट्याला वरच्या पायरीवर जागा नाही," ती म्हणाली. मग हळूच, चादरीची चुणी नीट करत, "त्यानं खाली बसून वाट बघायची."

प्रणीत त्या दिवशी घरी जाताना सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी थांबून होता. मागचा रिक्षावाला कन्नडमध्ये काय बोलला ते त्याला कळलं नाही, पण कळलंही.

मात्र एक होतं. ती रोज काहीतरी विचारायची. "नथ कशी ओवली हो?" "एवढा अंबाडा जमला कसा तुम्हाला?" आणि विचारून थांबायची… जणू त्याला पुढं काहीतरी बोलायला जागा करून द्यायची. आणि तो त्या जागेत दर वेळी अजून एक खोटं कोंबायचा. यूट्यूब बघून शिकलो. आजी शिवणकाम करायची. खोटं कसं, पहिल्याला दुसऱ्याचा टेकू लागतो, दुसऱ्याला तिसऱ्याचा. पायऱ्यांसारखंच.

आणि रात्री अंथरुणात पडलं की त्या दिवसाची थाप आठवायची. तो कूस बदलायचा.

*

गुरुवारी नंबर काढायला बाहेरून एक पाहुण्या बाई आल्या. सातही पायऱ्या बघितल्या आणि सोनेरी कागदाचा मुकुट उचलून थेट हिरव्या लुगड्यावर ठेवला. पहिला नंबर! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संहितानंही. प्रणीतनं पण वाजवल्या – काय करणार, हात आपोआप उठले. मुकुट नारळाच्या डोक्यावरून गेला तेव्हा संयोगिता म्हणाली, "हिला नाहीतरी टोपी आवडत नाही." आणि मागं जाऊन उभी राहिली.

स्मृती टाळ्या वाजवत नव्हती.

"आणि उद्या," पाहुण्या बाई म्हणाल्या, "सुट्टी लागण्याआधी स्मृती सगळ्यांना दाखवणार, बाहुली कशी शिवायची!"

संध्याकाळी प्रणीत खुशीत घरी आला. आइस्क्रीम आणलं होतं. स्मृती जेवणाच्या टेबलावर नव्हती, टीव्हीपुढं नव्हती. बाथरूमचं दार आतून लावलेलं.

"स्मृती?"

"पोटात दुखतंय माझ्या. उद्या मी शाळेत जाणार नाही."

"दार उघड आधी."

दार उघडलं. ती उलट्या घातलेल्या बादलीवर बसली होती. मांडीवर तिचा शाळेचा पांढरा मोजा, त्यात कसाबसा कोंबलेला कापूस आणि सगळीकडून लोंबणारा काळा दोरा. डाव्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या चिकटवलेल्या. कार्टूनच्या.

"हे काय?"

"मी शिकत होते." तिचा आवाज बारीक झाला. "आज शिकले असते तर उद्या खोटं झालं नसतं ना, मामा? पण सुई सारखी बोटातच जाते. तू मिसना सांगितलंस, दोनदा टोचली. मला तर पाचदा टोचली, तरी येत नाहीये."

प्रणीत तिथंच ओल्या फरशीवर बसला. आयुष्यात त्याला लाज पुष्कळदा वाटली होती – परीक्षेत नापास झाल्यावर, सोमवारी वर्गाच्या दारात. पण ती लाज वरवरची, कान तापवून निघून जाणारी. ही वेगळी होती. ही पोटात उतरली आणि तिथंच बसली. सात वर्षांची पोर त्याचं खोटं शिवून खरं करायला बसली होती. एकटी. दार लावून.

"आइस्क्रीम आणलंय का?" स्मृतीनं विचारलं.

"हो."

"नकोय मला," ती म्हणाली.

*

शुक्रवारी स्कूलबस यायच्या आधी तो वर्गात पोचला. स्मृतीला बागेत झोपाळ्यावर बसवलं होतं. संहिता पायऱ्यांवर शेवंतीची फुलं मांडत होती. तिची पाठ त्याच्याकडं. बरंच झालं.

रात्रभर त्यानं मनाशी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"बाहुली मी विकत आणलीय," तो म्हणाला.

ती वळली नाही. एक फूल ठेवलं, दुसरं उचललं.

"हं."

"आमच्या सोसायटीच्या बाजारातून. मी एक टाकाही घातलेला नाही. यूट्यूब नाही, आजी नाही. आजी शाळेत गणित शिकवायची, तिला बटण लावता येत नव्हतं. सगळं खोटं बोललो मी. तुमच्यासमोर हुशारी मारायला." श्वास घेतला. "एवढंच असतं तर कदाचित आजही तोंड लपवून बसलो असतो. पण काल स्मृती बाथरूममध्ये दार लावून शिवत बसली होती. बोटं टोचून घेतलीत तिनं. आज खोटं पडू नये म्हणून."

आता ती वळली. "किती बोटं?"

"तीन."

संहिता पोरांच्या छोट्याशा खुर्चीवर मटकन बसली. हातातलं फूल चुरगळलं. मग उठली, हिरव्या लुगड्यातली बाहुली खाली घेतली आणि तिचा डावा कान दुमडून त्याला दाखवला. कानाच्या मागं, कुणाला दिसणार नाही असा, काळ्या दोऱ्याचा एक टाका होता. फुलीसारखा.

"हे काय?"

"दृष्टीचा टाका. आनेकलच्या एक बाई आहेत, प्रत्येक बाहुलीला घालतात. लेकरू असो की बाहुली, चांगल्याला दृष्ट लागतेच म्हणतात."

"ओळखता तुम्ही त्यांना?"

"बऱ्यापैकी. आई आहे माझी."

धरणी दुभंगली तर बरं, असं लोक का म्हणतात ते प्रणीतला तेव्हा कळलं. पण शाळेची फरशी पक्की होती. दुभंगली नाही.

"टीचर लोकांना काय कळतंय हो," संहिता त्याच्याच पुणेरी सुरात म्हणाली, "चाळीस पोरं सांभाळता सांभाळता…"

"बास. प्लीज."

"रविवारी आई सांगून सांगून हसत होती. म्हणजे सोमवारी बाहुलीचा कान चाचपला ना, तेव्हाच कळलं होतं मला."

"मग… मग बोलला का नाहीत?"

ती पुन्हा बसली. आता मान तिची खाली गेली होती.

"सोमवारी वाटलं, मंगळवारी सांगतील. मंगळवारी वाटलं, बुधवारी. रोज विचारून बघितलं, तुम्हाला बोलायला वाट करून दिली. आणि तुम्ही रोज यायचात. एक नवीन थाप घेऊन यायचात, पण यायचात…" तिनं चुरगळलेल्या पाकळ्या तळहातावर गोळा केल्या. "बोलले असते तर तुम्ही तोंड दाखवलं नसतंत परत. म्हणून गप्प बसले. मी टीचर आहे हो! मुकुट ठेवला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. स्मृतीचा चेहरा दिसत होता मला, तरी वाजवल्या. तुमच्यापेक्षा माझं जास्त वाईट आहे."

"नाही, माझं जास्त."

"यात पण पहिला नंबर पाहिजे तुम्हाला?"

दोघंही हसले. पण ते हसू अर्ध्यावरच संपलं, कारण बाहेर पहिली बस लागली होती.

"आता?" तो म्हणाला.

"आता स्मृतीच्या जागी तुम्ही बसा," ती म्हणाली. "आणि तुमच्यानंतर मी."

*

चाळीस पोरांसमोर प्रणीत त्या छोट्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसला आणि सगळं सांगितलं. इंग्लिशमध्ये, थोडं हिंदीत, एक शब्द कन्नडमध्ये – "तप्पू". म्हणजे चूक. माझी, स्मृतीची नाही. मग संहितानं सांगितलं. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही.

मग प्रश्न सुरू झाले. मुलं मोठ्यांसारखी आडून विचारत नाहीत.

"अंकल, तुम्ही खोटं का बोललात?"

"मला शिवता येत नाही हे सांगायची लाज वाटली."

"आत्ता नाही वाटत?"

"आत्ता जास्त वाटतेय."

"मिस, तुम्ही का नाही सांगितलं?"

संहितानं प्रणीतकडं बघितलं… आणि खिडकीबाहेर. "ते मोठे झालात की सांगेन."

स्मृती उठली. कुणी सांगितलं नव्हतं. बाहुलीवरचा सोनेरी मुकुट काढला आणि नारळाच्या टकलावर ठेवला. तो घरंगळला. परत ठेवला. संयोगितानं तो धरून ठेवला, मग मधल्या सुट्टीपर्यंत सोडलाच नाही.

"आणि मामाला शिक्षा!" कुणीतरी ओरडलं.

"हो! त्यानं आत्ताच्या आत्ता बाहुली करायची!"

"कशाची करू? काही आणलं नाहीये मी."

चाळीस जोडी डोळे त्याच्या पायांकडं गेले.

प्रणीतनं बूट काढला. मोजा काढला. मोज्याला अंगठ्यापाशी चांगलं रुपयाएवढं भोक होतं. पोरं किंचाळून हसली. संहितानं ओढणी तोंडात धरली. त्यानं डोळे मिटून घेतले. म्हणाला, "बघून घ्या. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही माझ्याकडं."

"तोंड आयतंच आहे की बाहुलीला," संहिता म्हणाली.

सुई ओवताना तो सात वेळा चुकला. आठव्यांदा स्मृती पुढं आली. पट्ट्या लावलेल्या बोटांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, आणि झटक्यात ओवून दिली. काल पाचदा टोचून घेतलेलं फुकट गेलं नव्हतं. "असं धरायचं, मामा. आणि बोट खाली ठेवायचं नाही." सगळा वर्ग बघत होता. पाहुण्या बाईंनी सांगितलेलं तिनं करून दाखवलं, आणि आता त्यात खोटं काही नव्हतं.

बाहुली झाली. एक डोळा वर, एक खाली. पोट एकीकडंच सुटलेलं. तोंड उघडं, जणू आपण कसे दिसतोय ते बघून तिचं तिलाच आश्चर्य वाटत होतं. सगळ्यात खालच्या पायरीवर, एका कडेला, तिला जागा मिळाली.

घंटा झाली. पोरं "हॅपी दसरा" ओरडत बसकडं पळाली, दोन-तीन दारातच घुटमळली. स्मृती दप्तर आणायला गेली. प्रणीत एका पायात मोजा, एक पाय उघडा, बूट हातात घेऊन उभा होता.

"मी… येत जाऊ का नको, सुट्टीनंतर?" त्यानं विचारलं. "आता तर खोटं बोलायला पण काही उरलं नाही."

संहितानं टेबलाच्या खणातून सुई काढली, काळा दोरा ओवला. एकदाच, पहिल्याच फटक्यात. खालच्या पायरीवरची मोज्याची बाहुली उचलली आणि तिच्या डाव्या बाजूला, कान असता तर जिथं असता, त्याच्या मागं, एक टाका घातला. फुलीसारखा. दातानं दोरा तोडला.

प्रणीत बघतच राहिला. "हिला कशाला? असल्या ध्यानाला कुणाची दृष्ट लागणार आहे?"

तिनं बाहुली त्याच्या हातात ठेवली. वर बघितलं नाही. पण कान लाल झाले होते, दोन्ही.

"माझी," ती म्हणाली. "बूट घाला, प्रणीत. पोरं बघतायत."